नेदा कुर्तेवाचा चाळिसावा

"मावशी, तुम्ही जिवंत आहात!"

"मग? मी कधी नाही म्हटलं?"

"एकेचाळीस पाहुणे फॉर्मात कसे लिहू? ते तुमच्या मयताला आले होते!"

"आले ना? दोन महिन्यांत किती माणसं घरी आली, असंच विचारलंस. 'का आली' हा रकाना दाखव बघू."

तसा रकाना नव्हता. राजधानी सोफियाहून आलेली योआना पेन्सिल चावत बसली. गावकऱ्यांचा एकटेपणा कमी व्हावा म्हणून वाचनालयात दोन वर्षं दर गुरुवारी मंडळ भरत होतं. त्याचा काही उपयोग झाला का, हे मोजायला ती आली होती. मोजून झालं की मंडळ बंद.

नेदाने एकतीस वर्षं या डोंगरात सायकलवरून टपाल वाटलं. गावात कुणी गेलं की त्याच्या फोटोचा कागद बसथांब्यावर तीच डकवायची. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, वर्षाने पुन्हा. पोस्ट बंद झालं आणि तिच्याच फाटकाची कडी गंजली. आधीच्या फॉर्मात पाहुणे: शून्य.

मग मंडळाने 'सर्वांत उत्साही सदस्य' म्हणून तिचा फोटो छापून घेतला. छापखानेवाल्याने सवयीने काळी चौकट घातली. या गावातून दुसऱ्या कसल्या फोटोचं काम त्याच्याकडे कधी आलंच नव्हतं. बसथांब्यावर कागद लागला. मजकूर वाचायला चष्मा कोण शोधतो? गाव फुलं घेऊन निघालं, मेलेल्याला द्यायची तशी, सम संख्येत मोजून.

दार नेदानेच उघडलं. समोर शेजारीण स्तांका, आलुबुखाराच्या एका झाडावरून अकरा वर्षं अबोला धरलेली, ऊर बडवत होती. "सोन्यासारखी होती गं माझी नेदा!"

"हे आधी नाही सुचलं?" नेदा म्हणाली.

बोललेलं मागे घेता येईना, म्हणून स्तांका तेव्हापासून रोज सकाळी कॉफीला येते.

"माझं मागणं एवढंच," नेदा म्हणाली, "आज चाळीस दिवस भरले. दुसरा कागद लाव."

"जिवंत बाईचा? माझी नोकरी जाईल!"

"मंडळ तर तू बंद करणार. मग माणसं कशाच्या निमित्ताने येणार गं, पोरी?"

योआनाने फॉर्मचं पान उलटलं. "शेवटचा प्रश्न. एक ते दहामध्ये सांगा, किती एकटं वाटतं?"

फाटकातून स्तांका ओरडली, "नेदे! चाळिसाव्याचा गहू शिजला! साखर तूच घाल, मागच्या वेळी तुझ्या मयताला कमी पडली म्हणून लोक अजून मला बोलतात!"

नेदाने योआनाच्या फायलीतून आपला काळ्या चौकटीचा फोटो काढला, चुलीवरचं खळीचं पातेलं उचललं आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागली.