आप्पांच्या गाडीचा विमा आणि माझं इंग्रजी

ऐंशी-एक्याऐंशी सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. एका सोमवारी मी आणि आप्पा निपाणीहून सकाळच्या बसने बेळगावला आलो... गाडीचा विमा काढायला.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीतल्या एका तंबाखू व्यापाऱ्याची गाडी त्यांनी वीस वर्षं चालवली. काळी, लांबलचक, विलायतेहून आलेली. शेठ धंदा आवरून मुलाकडे पुण्याला निघाले तेव्हा गाडी आप्पांनाच देऊन गेले.

माझ्या आजोबांनी याच शेठच्या वखारीत पोती उचलली होती. ती गाडी आमच्या गल्लीत, बुद्धविहाराच्या शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा आई कितीतरी वेळ दारातून हललीच नाही. आप्पांनी धडपड करून टॅक्सीचा परवाना मिळवला. लग्नाची भाडी, मिरजेच्या दवाखान्याची भाडी... सगळं मनात ठरलं होतं. विमा तेवढा राहिला होता.

मी तेव्हा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. शाळा मराठीतून झालेली, पण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. बसमध्ये शेजारच्या माणसाला आप्पा सांगत होते, "पोरगी हाय न्हवं संगं. इंग्लिश फाडफाड वाचती." मी खिडकीबाहेर बघत बसले, पण आतून लई भारी वाटत होतं.

दोन ऑफिसं झाली. दोन्हीकडे एकच उत्तर... गाडी बाहेरची, त्यात जुनी. पार्ट इथे मिळत नाहीत, त्यामुळे पूर्ण विम्याचा हप्ता जबर. एका साहेबांनी आकडा लिहून कागद पुढे सरकवला. आप्पांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढा होता तो... आणि पगार तर आता बंदच झाला होता.

जिना उतरताना एक एजंट भेटले. कानडी गृहस्थ, मराठी सावकाश बोलायचे. "स्वस्तातलं एक आहे बघा. टॅक्सी रस्त्यावर घालायला कायद्याला एवढं चालतंय. पण काय मिळतंय, काय नाही, ते वाचून घ्या. मग सही करा."

फॉर्म त्यांनी माझ्या हातात दिला. वरच टाईप केलं होतं, 'ॲक्ट ओन्ली'. ॲक्ट म्हणजे कृती, ओन्ली म्हणजे फक्त... फक्त कृती? खालचे परिच्छेद वाचले. एक वाक्य कळायचं, पुढची चार नाही.

"वाचलंस न्हवं?" आप्पांनी विचारलं. "आपल्या गाडीला काय झालं तर देत्यात न्हवं हे?"

एजंट माझ्याकडे बघत होते. मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी दोन मिनिटांत समजावलं असतं. पण बसमधलं ते 'फाडफाड' माझ्या डोक्यात बसलं होतं.

"व्हय आप्पा," मी म्हटलं, "सगळं हाय ह्यात."

आप्पांनी सही केली. वळणदार, एकेक अक्षर जपून.

टॅक्सी जेमतेम तीन महिने चालली. बेळगावला लग्नाची माणसं सोडून आप्पा रिकामी गाडी घेऊन परतत होते. काकतीच्या पुढे अचानक म्हैस आडवी आली. तिला वाचवायला त्यांनी गाडी वळवली ती थेट झाडावर. आप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. गाडीचं तोंड पार आत गेलं होतं.

पट्टी बांधलेल्या हाताने आप्पा आईला म्हणाले, "रडू नगंस. विमा हाय."

आम्ही पुन्हा बेळगावला, विमा काढलेल्या ऑफिसात गेलो. साहेबांनी कागद चाळले आणि मान हलवली. "ॲक्ट ओन्ली म्हणजे फक्त कायद्यापुरता विमा. यात तुमच्या गाडीचं काही नाही. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं, तरच मिळतं." मग विचारलं, "सही करताना कुणी वाचून दाखवलं नव्हतं का?"

मी फरशीकडे बघत उभी.

"मीच गडबड केली सायेब," आप्पा म्हणाले. "पोरगी वाचत हुती, मी पुरतं ऐकूनच घेतलं न्हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी नाही पाहिलं.

पार्टसाठी कोल्हापूर झालं, मुंबईला पत्रं झाली. कुठेच मिळाले नाहीत. पावसाळ्यात गाडी गंजत गेली आणि शेवटी भंगारात विकावी लागली. आप्पांना बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, वॉचमनची नोकरी मिळाली. आम्ही निपाणी सोडून बेळगावच्याच खासबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माझा बाप दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी गेट उघडायचा.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले. 'आप्पा, त्या दिवशी मी खोटं बोलले होते', हे एक वाक्य मात्र तोंडातून कधी बाहेर पडलं नाही. त्यांना माहीत होतं, हे मला ठाऊक होतं. तरीही नाही.

पण घरात इंग्रजी कागद आला की ते तो माझ्याच हातात द्यायचे. कारखान्याचं पत्र असो, बँकेचं असो... दुसऱ्या कुणाला कधी विचारलं नाही. शेवटच्या आजारपणातला रिपोर्टसुद्धा पलंगावर बसून माझ्यापुढे धरला. "वाच बाळ, काय म्हणतंय?"

मी वाचला. एका शब्दावर अडले.

"आप्पा, ह्यो शब्द मला येत न्हाय."

"मग डॉक्टरला इचारू की," ते म्हणाले.

एवढं सोपं होतं ते...