अळणी रस्सा आणि दुधाचा दर

दूध संघात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चमननं घरी मटणाच्या अख्ख्या पातेल्यात कांदा-लसणाची चटणी ओतली, आणि थोरली बहीण रोशनबी कडाडली, "आरं, पांढऱ्या रश्श्यासाठी आधी बिनतिखटाचं अळणी पाणी काढून ठेवत्यात की! आता पावण्यांस्नी काय तुझा कॉम्प्युटर वाढू?"

चमनला हसू फुटलं. संघाच्या नव्या कॉम्प्युटरवर त्यानं हेच केलं होतं. दुधाचा दर थेट प्रोग्रॅममध्येच कालवलेला. दर हलला की प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहा. सोमवारी तो दर वेगळ्या फायलीत काढायला बसला.

"शेतकऱ्यांची दिवाळीची दूधबिलं अडकली तर लोक मला आन् मी तुला सोडणार न्हाय," संघाचे साहेब सयाजीराव गरजले. "जमलं, तर खासबागेत कुस्ती दाखवतो."

ऐन दिवाळीत दर बदलला. चमननं फायलीतला आकडा तेवढा बदलला, बिलं वेळेवर गावोगाव पोचली.

कुस्तीचं विचारलं की साहेब अजून म्हणतात, "बघू की!"