दुपारचं पाणी

शाळा मी सातवीत सोडली. मग बरीच वर्षं मार्केट यार्डात टेंपो चालवला. त्यामुळे नारायण पेठेतल्या बाईंनी, "अहो, माझी गाडी हिमाचलात न्याल का आपण?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं त्या माझ्या मागच्या कुणाशी तरी बोलतायत. बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी उलटलेल्या, एकट्या. जन्मभर भूगोल शिकवलेला. स्पितीच्या वाटेवर चौदा हजार फुटांवर एक निळं तळं आहे, ते त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्यासारख्याला 'आपण' म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणवेना. हो म्हटलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, तेवढ्या उंचीवर एकच मुक्काम, दुसरा करायचा नाही. म्हणजे तळ्यासाठी हातात एकच सकाळ.

शेवटचा रस्ता रस्ता नव्हताच. गोट्यांवरून गाडी पहिल्या गिअरमध्ये, एका अंगाला दरी. जिथे मुक्काम केला त्या ढाब्याच्या मालकानं सांगितलं, "सवेरे जल्दी निकल जाना." मला वाटलं, गर्दीसाठी सांगतोय. रविवारी सिंहगडावर उशिरा गेलं की पार्किंग मिळत नाही, तसं काहीतरी.

सातला निघालो. पुढे रस्त्यावरून ओढा वाहत होता, गुडघ्याच्या खाली पाणी. गाडी गेली असती. पण मी घाबरलो. आपल्याकडे पाऊस थांबून ऊन पडलं की दोन तासांत ओढा उतरतो, हे मला लहानपणापासून माहीत.

"बाई, ऊन वर येऊ द्या. पाणी उतरेल."

"आपण म्हणाल तसं," बाई म्हणाल्या.

गाडीत बसून आम्ही शेंगदाण्याच्या वड्या खाल्ल्या. अकराच्या सुमारास पाणी गढूळ झालं. मी खूण म्हणून धरलेला दगड दिसेनासा झाला. वर आभाळ स्वच्छ. पलीकडच्या काठावर एक जीपवाला येऊन थांबला आणि हसत ओरडला, "बर्फ पिघल रही है, भाईसाब! अब शाम तक बढ़ेगा!"

बाई काचेतून पाण्याकडे बघत राहिल्या.

"बर्फाच्या नद्या दुपारी फुगतात, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि इथे बसून वड्या खातेय."

मी पँट वर करून पाण्यात उतरून बघितलं. मांडीपर्यंत पाणी, पायाखालचे गोटे सरकत होते. परत आलो तर बाई गाडीतून उतरून उभ्या, दार धरून. दहा पावलं चालल्या होत्या फक्त, पण धाप थांबत नव्हती. ओठ जांभळट दिसले.

"आजची रात्र ढाब्यावर राहू. पहाटे पाणी कमी असेल," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई. खाली जायचं."

"मी तुम्हाला गाडी चालवायला आणलंय. नाडी बघायला नाही."

"तुमचे ओठ बघा आरशात."

असं मी कधी कुणाशी बोललो नव्हतो, बाईंशी तर नाहीच. त्या आरशाकडे गेल्या नाहीत. मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं.

तळं तिथून सहा-सात किलोमीटरवर होतं. मी गाडी वळवली. बराच उतार संपल्यावर मला बोलायचा धीर झाला.

"बाई, माझ्यामुळे राहिलं."

"दोघांमुळे. पुढे बघून चालवा."

पुढे बघितलं की आरशात, आरशात बघितलं की पुढे, असं करत मी उतरत राहिलो. देवदारांची झाडं लागली तेव्हा बाईंना झोप लागली होती, श्वास संथ होता आणि ओठांना पुन्हा रंग आला होता. मी गाडी कडेला घेतली, खाली उतरलो, आणि त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या लांब जाऊन रडलो.