विहिरीवरची पाळी

आमच्या थोरल्या मामांइतका कोर्टकचेरीचा कंटाळा असलेला माणूस दिग्रसच्या आसपास झाला नसेल, आणि तरी त्यांचा स्वतःचाच दावा यवतमाळच्या कोर्टात पडून होता. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून तो धाकट्या मामांनी लावला होता. छप्पन साली आमचा जिल्हाच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. राज्य बदललं, दावा तसाच राहिला. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत.

इतरांची भांडणं मात्र मामा आपल्या ओसरीवर मिटवत. पद्धत त्यांची स्वतःची. प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची, आणि समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत मांडत राहायची. तोवर चहा नाही. मामी आतून विचारत, "लोकायले कायले सुकवून राह्यले?" मामा अंबाडीची दोरी वळत म्हणत, "घसा सुकला का माणूस कमी बोलते." एकदा बैलानं कपाशी खाल्ल्याचं भांडण आलं. बैलवाल्यानं कपाशीवाल्याची बाजू इतक्या तळमळीनं मांडली की शेवटी त्याला स्वतःचाच राग आला आणि तो नुकसानभरपाई वाढवून मागू लागला. कपाशीवाल्यालाच त्याची समजूत घालावी लागली. मामांनी आत वळून सांगितलं, "टाक वो चहा."

अखेर एका भाऊबीजेला माझ्या आईनं दोघा भावांना त्याच ओसरीवर बसवलं. "पह्यले बोला, मंगच ओवाळीन." धाकट्या मामांनी थोरल्यांची बाजू भराभर मांडली. थोरल्या मामांनी हातातली दोरी खाली ठेवली. म्हणाले, "वाटणीच्या वक्ती हा लहान होता. पाणी म्याच वाटलं. याले इचारलंच नाही."

धाकटे मामा 'बरोबर' म्हणाले नाहीत. खाली बघत एवढंच म्हणाले, "एक दिवस तुहा, एक दिवस माहा. बाई, दिवा लाव."

पुढच्या तारखेला दोघांनी मिळून जायचं, दावा मागं घ्यायचा, असं ठरलं. त्या तारखेआधीच थोरले मामा तापानं गेले.

धाकट्या मामांबरोबर यवतमाळला मी गेलो. शिपायानं दारात उभं राहून थोरल्या मामांच्या नावाचा पुकारा केला. पुन्हा केला. वकील उठू लागले, तेव्हा मामांनी त्यांना हातानं थांबवलं.

"माहा भाऊ वारला, साहेब. पाण्याचं आमचं मिटलं."

त्या वर्षी थोरल्या मामांचं वावर पडीकच राहिलं. विहिरीला पाणी पुष्कळ होतं. मामी निरोप धाडत, "रोज घ्या भाऊजी, कोणासाठी ठेवता?" धाकटे मामा मात्र उन्हाळाभर एक दिवसाआडच मोट धरत.