एकदाच ओढायची रेघ

चिनी अक्षरांच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी रेघ गिरवली. धडा एका आडव्या रेघेचाच होता. माझी मध्येच फिसकटली, म्हणून लहानपणी पाटीवर गिरवायचो तसा तिच्यावरूनच पुन्हा ब्रश फिरवला. पातळ कागद शाई प्यायला आणि रेघेची म्हैस झाली.

"काका, इथे गिरवायचं नसतं," शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. "एकदा ओढली, की तीच."

मग त्यांनी ब्रश उभा धरला, टेकवला, किंचित दाबून सावकाश नेला आणि शेवटी अलगद मागे वळवून उचलला. वीतभर रेघ, पण तिला खांदे होते, कंबर होती. मी पाहतच राहिलो. मी तर मुलांना रागावलो, तरी पुढे तासभर खुलासे देत बसतो. इथे चुकलेलं तसंच ठेवून माणसं पुढची रेघ सुधारतात.

घरी एक तरी धड रेघ आणीन, असं बायकोला सांगून निघालो होतो. शेवटचीही जरा वाकडीच आली. हात शिवशिवत होते, पण ब्रश खाली ठेवला आणि तीच घरी नेली.

बायकोने ती उजेडात धरून पाहिली. म्हणाली, "वाकडी आहे. पण अहो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही एखादी गोष्ट एकदा करून गप्प बसलात."