डूखआत्या

आमच्या आत्याला सगळे नातेवाईक पाठीमागे ‘डूखआत्या’ म्हणायचे. कुणी दुखावलं तर ती भांडायची नाही, रडायची नाही. पदर खोचायची आणि म्हणायची, ‘‘राहू दे.’’ ते ‘राहू दे’ ऐकलं की माझे बाबा, म्हणजे तिचे सख्खे भाऊ, हळूच म्हणायचे, ‘‘गेला बिचारा कामातून.’’ आणि तो खरोखरच जायचा. आज नाही तर दहा वर्षांनी.

तिला सानगडीला विणकरांच्या घरात दिली होती. तिथे जावेच्या मुलाच्या लग्नात विहिणींच्या पंगतीत तिचं पान मांडायचं राहून गेलं. झालं! त्यानंतर जावेकडच्या प्रत्येक कार्याला आत्या चांगलं लुगडं नेसून हजर. पहिल्या ओळीत बसायची आणि पाण्याखेरीज काहीही तोंडात घालायची नाही. कुणी आग्रह केला की सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, ‘‘नोको बाई, मले सवय हाय.’’ जावेला घरचं बारसंसुद्धा नकोसं झालं. मी एकदा म्हटलं, ‘‘आत्या, आता माफ कर ना तिला.’’ तर म्हणाली, ‘‘देव माफ करते. त्याचा तो धंदाच होय. माहा नोहोय.’’

आणि ही बाई मला भयंकर आवडायची. कारण ती दुसऱ्यांचे अपमानही तितक्याच निगुतीने सांभाळायची. शाळेत एका मास्तरांनी मला सगळ्यांदेखत ‘काळुंद्री’ म्हटलं होतं. मी ते विसरूनही गेले. माझ्या लग्नात ते मास्तर अक्षता टाकायला आले, तेव्हा आत्याने त्यांचा हात धरून विचारलं, ‘‘मास्तर, पोरगी उजळली का आता?’’ मास्तर न जेवता गेले. मी आत्याकडे पाहिलं तर ती शांतपणे विडा लावत होती.

गोंदिया वेगळं होऊन भंडारा जिल्हा लहान झाला, त्यानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा भंडाऱ्यात राहत होते. आत्याला दम लागायचा, छाती भरून यायची. ‘‘छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटते,’’ ती म्हणायची. मी तिला घेऊन एका दवाखान्यात गेले. तिथे नागपूरहून आलेले एक डॉक्टर होते, सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचे. त्यांचं संशोधन चाललं होतं. काही माणसांना सतत वाईट वाटत राहतं आणि ते कुणाला सांगताही येत नाही. अशांच्या हृदयाला धोका जास्त असतो का, हे त्यांना प्रश्नावलीतून मोजायचं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. मी स्वतःच आत्याला म्हटलं, दे उत्तरं.

सरांनी पहिलंच वाक्य वाचलं, ‘‘अनोळखी माणसांशी मी सहज बोलते. बरोबर की चूक?’’

आत्या खुर्चीतून उठली. आमच्याकडे माणूस म्हणजे पुरुष. बाईला माणूस म्हणायची पद्धत नाही. वाईट आहे, पण आहे. साठी उलटलेल्या विधवा बाईला भरल्या दवाखान्यात विचारलं होतं, की परक्या पुरुषांशी सहज बोलतेस का!

‘‘मी का तशी बाई हावो?’’ आत्या म्हणाली.

सरांनी ‘चूक’वर खूण केली. मी समजावून सांगायला गेले, तर सर म्हणाले, ‘‘मध्ये बोलू नका, उत्तर बिघडतं.’’ मग विचारलं, मनातलं कुणाला सांगता का? ‘‘तुमाले कायले सांगू?’’ खूण. वारंवार राग येतो का? ‘‘येते तं! कायले नाही येईन?’’ हे मात्र तिने अभिमानाने सांगितलं. खूण.

बेरीज झाली आणि आत्याचा स्वभाव ‘त्रस्त’ ठरला. आता मला आजही जे पचत नाही ते हे. सरांचंच म्हणणं होतं की अशा माणसांच्या हृदयाकडे जास्त लक्ष द्यावं. पण पुढच्या खेपेला आत्याने छातीचं गाऱ्हाणं सांगितलं, तर सरांनी छातीला नळीसुद्धा लावली नाही. केसपेपरवर नजर टाकून हसले आणि म्हणाले, ‘‘आजी, दुखणं स्वभावात आहे. मन मोकळं करा. अनोळखी माणसांशी बोलत जा.’’ ताकदीच्या गोळ्या दिल्या. आत्याने पदर खोचला.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली.

तिने डॉक्टरांचा सल्ला अक्षरशः पाळला. दवाखान्याच्या रांगेत, साकोलीच्या एसटीत, सानगडीच्या बाजारात ती भेटेल त्याच्याशी बोलू लागली. ‘‘त्या दवाखान्यात बायाइले विचारतेत, परक्या मानसाशी बोलता का? आन् नाही म्हटलं तं म्हनतेत, बोलत जा!’’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. महिन्याभरात त्या बाजूच्या बायका सरांकडे जायच्या बंद झाल्या. प्रश्नावली घेऊन सरांची जीप गावात आली की दारं लागायची. संशोधन अडलं.

शेवटी सर आत्याच्या अंगणात आले. मी मुद्दाम गेले होते, असा तमाशा कोण चुकवेल? आळीतल्या बायका ओसरीवर दाटीने बसल्या होत्या. एरवी डॉक्टरांना ‘तुमी’ म्हणणारी आत्या त्या दिवशी ‘तू’वर आली.

‘‘बापू, एक सांग. अनोळखी बायाइशी तू सहज बोलते का?’’

‘‘हो, बोलतो ना,’’ सर उत्साहाने म्हणाले. ‘‘रोज बोलतो.’’

ओसरीभर पदर तोंडाला लागले. एक म्हातारी हसता हसता खांबाला टेकली. सरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. आत्या हसली नाही. ‘‘आता छाती पाह्य,’’ ती म्हणाली.

त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आजच नागपूरला न्या.’’

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय केव्हाचंच थकलं आहे, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं आधी! आम्ही आणलं होतं हो. ती छातीवर हात ठेवून समोर बसली होती आणि हे सर तिचा स्वभाव मोजत होते.

शेवटच्या दिवसांत सर तिला भेटायला आले. हात जोडून म्हणाले, ‘‘आजी, चुकलं माझं.’’ आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ‘‘चुकलं तं चुकलं,’’ ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवसांनी गेली. माफ करून गेली असती तर जीव सुटायला सोपं गेलं असतं, असं तेरवीला पुष्कळांनी बोलून दाखवलं. मला नाही वाटत. तिला जड जात होतं ते श्वास घेणं, राग नव्हे.

परवा एका लग्नात सर भेटले. केस पिकलेत, मोठं नाव झालंय. मला ओळखलं, जवळ आले आणि चारचौघांत डोळे ओले करून म्हणाले, ‘‘तुमची आत्या! किती गोड बाई होती हो.’’

‘‘नव्हती,’’ मी म्हणाले.