बयाबाईचा तळलेला बूट

बयाबाई माझी धाकटी बहीण. म्हसवडजवळच्या वाडीत राहते. साठी उलटली तरी रोज मेंढरांमागे चालते. मागच्या पावसाळ्यात तिची टाच धरली. सकाळी पाय टेकला की डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले, सपाट वहाण बंद, टाचेला आधार देणारा बूट घाला.

तिचा मुलगा इंद्रजित म्हणाला, "आये, दिवाळीपतोर टाच बरी झाली न्हाई तर मेंढरं इकायची."

बयाबाईने मला फोन केला. मी कुपवाडच्या फौंड्रीत जन्मभर उभ्याने काम केलेला माणूस. बूट मला कळतो. तिला सांगलीला बोलावले. दुकानात संध्याकाळी नेले, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि खरे माप तेव्हाच मिळते.

तिने बूट हातात घेऊन वाकवून पाहिला. "दादा, ह्यो मधनं वाकतच न्हाई."

"वाकायचाच न्हाई. बोटांपाशी वाकला की झालं. टाचेची बाजू दाब. दबली?"

"न्हाई."

"मग हाच. आत गादी हाय बघ, मधे उचललेली. ती तळपायाला धरती."

दुकानदाराने खुर्ची दिली. ती बसली नाही. "बसून बूट कळतोय व्हय?" म्हणत दुकानभर चालली. टाच सुटत नव्हती, पुढे बोटांना जागा होती. बूट घेतला.

ती गावी गेली आणि लगेच इंद्रजितचा फोन आला. हसून त्याला बोलता येईना.

"मामा, आयेनं बूट तळला!"

आमच्यात नवी वहाण आणली की तेल पाजून मऊ करायची. बयाबाईने बुटालाही पाजले, तेही आतून. गादी फुगून निघाली, पाय आत घसरू लागला.

मी नवी गादी घेऊन गेलो. बूट साबणाने धुतला, सावलीत वाळवला, गादी बसवली.

"एकदम दिसभर घालू नगंस. रोज थोडं वाढीव."

"एवढ्यानं काय हुतंय?"

"टाच तुझी हाय. मेंढरं बी तुझीच हायती."

तिने सांगितले तसे केले. अंगणातसुद्धा अनवाणी फिरली नाही. ठणका हळूहळू उतरला.

दिवाळीच्या तोंडावर मी बूट बघायला गेलो, तर टाच बरी झाल्याचे खरे न वाटून इंद्रजितने मेंढरांचा व्यापारी बोलावलेला. मेंढरे वाड्यात नव्हती. बयाबाई त्यांना घेऊन पहाटेच माळावर गेली होती. आम्ही तिघे मागे निघालो. ती लांबून दिसायची आणि पुन्हा टेकाडाआड जायची. व्यापारी अर्ध्या वाटेतून परतला. इंद्रजित रबरी चपलेत घामाघूम. आम्ही पोचलो तेव्हा ती बाभळीखाली उभी होती.

"टाच कशी हाय, आये?" त्याने विचारले.

"मेंढरांना इचार."

तो दगडावर बसून स्वतःची टाच चोळू लागला. "मामा, माझ्या मापाचा मिळंल का वं?"

"मिळंल की," बयाबाई म्हणाली. "तेल तेवढं लावू नगंस."